तीस कंद, सहा फुलं: साताऱ्यात मागवलेला वसंत-कंदांचा डबा

साताऱ्यात किंवा आसपास कुणी ‘वसंतात फुलणारे रानातले कंद’ ऑनलाइन मागवायच्या विचारात असेल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचावं. मी मागच्या ऑक्टोबरात असा एक डबा मागवला. १,६५० रुपये, ३० कंद. डब्याच्या झाकणावर निळ्या फुलांनी भरून गेलेल्या रानाचं चित्र. पुढं पाच महिने मी त्या कंदांच्या मागं होतो, आणि फुलं आली सहा. फुलामागं २७५ रुपये पडले. डब्याला मी पाचपैकी दोन तारे देतोय. त्याच परसात, त्याच झाडाखाली, कोरेगाव रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून आणलेले कंद फेब्रुवारीत लावले, त्यांना पाचपैकी पाच. दोन्हींचा हिशेब खाली देतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली १९ सातारा–बामणोली गाडीवर. वे-बिल लिहून लिहून नोंद ठेवायची सवय हाताला लागली, ती निवृत्तीनंतर बागेच्या वहीत उतरली. घर गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला. मागं दीड गुंठा परस आहे. त्यात एक जुना पांगारा, विहिरीकडं एक जांभूळ, बाकी भाजीचे वाफे. पांगाऱ्याखालची जागा कायम मोकळी राहायची. पावसाळ्यात तिथं गच्च सावली, आणि थंडी सरता सरता झाड बोडकं झालं की सगळं ऊन खाली. त्या जागेचं काय करावं, हे मला बरीच वर्षं सुचत नव्हतं.

ते सुचलं लेकीकडं गेल्यावर. ती इंग्लंडात लीड्सला असते. नातीच्या वेळी आम्ही दोघं एप्रिल आणि मे तिथं होतो. जावयांनी एका रविवारी रेल्वेनं इल्कलीला नेलं. गाव टेकडीच्या कुशीत, मधून नदी, आणि नदीपलीकडं मिडलटन वूड्स म्हणून रान आहे. आत शिरल्यावर ही आपली थांबलीच. झाडांच्या बुंध्यापासून नजर जाईल तिथवर जमीन निळी. एकेक फूल धरलं तर लहानसं, खाली मान घातलेली पाच-दहा घंटांची काडी. पण लाखोंनी एकत्र उभी राहिली की रंग जमिनीवर धुक्यासारखा तरंगतो. वास मंद, गोडसर. वर झाडांना पालवी नुकती फुटत होती, त्यामुळं ऊन खालपर्यंत पोचत होतं.

ती ब्लूबेल. तिथं एक वयस्कर बाई पायवाट सोडू नका म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होत्या. लेकीनं मधे पडून मला समजावून दिलं. फूल तुडवलं तर एक वेळ चालतं, पण पान तुडवलं तर कंदाला वर्षभराचं अन्न मिळत नाही. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. रानातनं कंद उपटायला तिथं १९८१च्या कायद्यानं बंदी आहे. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळपास निम्म्या एकट्या ब्रिटनमध्ये आहेत, असं त्या बाई अभिमानानं म्हणाल्या.

आम्ही पुढं दोनदा तिथं गेलो. मेच्या अखेरीस गेलो तेव्हा वर पानांचं छत मिटलं होतं, खाली अंधार होता, आणि ब्लूबेलची पानं पिवळी पडून आडवी झाली होती. तेव्हा मला त्यांचं काम कळलं. हे कंद झाडांच्या आधी उठतात. वर पान नसतं तेवढ्या आठ-दहा आठवड्यांत ऊन घेतात, फुलतात, बी धरतात, पोटात अन्न भरतात, आणि सावली पडली की परत जमिनीखाली जाऊन झोपतात. म्हटलं, आपला पांगाराही तेच करतो की. फाल्गुनात बोडका असतो. त्याच्याखाली हे का येऊ नये?

एवढ्या विचारावर मी डबा मागवला. तो विचार कुठं चुकला, ते कळायला मला फेब्रुवारी उजाडला.

आता डब्याचं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. बांधणी चांगली होती. प्रत्येक जातीचे कंद वेगळ्या जाळीच्या पिशवीत, खाली लाकडाचा भुसा, हवेला भोकं. प्रत्येक पिशवीवर रंगीत चित्राचं लेबल. आत हायसिंथ ४, डॅफोडिल ६, मस्कारी म्हणजे द्राक्षाच्या घोसासारखी निळी फुलं येणारी ती ८, ब्लूबेल ६ आणि स्नोड्रॉप ६. हायसिंथचे कंद नगाला नग, टणक, जांभळ्या सालीचे, मुठीत भरतील असे. पहिला तारा मी या बांधणीला आणि हायसिंथच्या मालाला दिलाय.

स्नोड्रॉपची पिशवी उघडली आणि मन खट्टू झालं. हरभऱ्याहून थोडे मोठे कंद, त्यातले चार बोटांत दाबले तर आत पोकळ, नुसतं साल. डॅफोडिलचा एक कंद तळाला हिरव्या बुरशीनं मऊ झालेला. म्हणजे लावायच्या आधीच ३० चे २५ झाले. लेकीला फोटो पाठवले. तिनं शेजारच्या बागवाल्या काकूंना विचारून सांगितलं, की अप्पा, स्नोड्रॉपचा कंद वाळला की मेला, म्हणून इकडची जाणती माणसं तो कोरडा घेतच नाहीत. फुलं सरल्यावर पानांसकट उपटलेला ओला जुडगा घेतात आणि त्याच दिवशी लावतात. जी गोष्ट तिथं कोरडी टिकत नाही, ती समुद्रापलीकडनं महिना-दीड महिना पिशवीत येऊन कशी टिकेल? विकणाऱ्याला हे ठाऊक असणारच. स्नोड्रॉप डब्यात घालायलाच नको होता.

आणखी एक. तुर्कस्तानच्या रानांतनं स्नोड्रॉपचे कंद पूर्वी पोत्यांनी उपटून विकले गेले, म्हणून त्याच्या देशोदेशींच्या व्यापारावर आता साइट्स नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रण आहे. डब्यावर कुठंही लिहिलेलं नाही की हे कंद वाफ्यात वाढवलेत की रानातनं काढलेत. मी तसं विचारणारा ईमेल केला, उत्तर आलं नाही. खराब निघालेल्या पाच कंदांची तक्रार केली, त्याचे मात्र २०० रुपये परत आले. ते आले हे नोंदवतो.

सगळ्यात मोठा दोष आतल्या कागदात आहे. त्यावर एकच ओळ होती: ‘ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थेट मातीत लावा.’ ही ओळ लीड्ससाठी बरोबर आहे. साताऱ्यात ऑक्टोबरात दुपारी परसात उघड्या पायानं उभं राहवत नाही, आणि वरनं परतीचा पाऊस येतो. गरम ओली माती म्हणजे कंद कुजायला हवं ते सगळं.

थंडीचं गणित काय आहे ते नीट सांगतो, कारण सगळा व्यवहार त्यावर आहे. बुरशी लागलेला डॅफोडिलचा कंद मी टाकायच्या आधी उभा चिरला. कांद्यासारखे पापुद्रे, आणि त्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट हिरवा कळा. फूल आत आधीच तयार होतं! मागच्या उन्हाळ्यात कंद झोपलेला असतानाच ते आत घडलेलं असतं. तरी ते बाहेर येत नाही. कंदाला बारा ते पंधरा आठवडे थंडी लागते, साधारण ९ अंशांच्या खाली. त्या थंडीत आतल्या पिठूळ अन्नाची साखर होते आणि देठाला लांब व्हायची मोकळीक मिळते. मग ऊब आली की तो उठतो. आमच्याकडं गाडी भरली, ड्रायव्हर बसला, इंजिन सुरू असलं तरी डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नव्हती. या कंदांची डबल बेल थंडी आहे. गोडोलीत माझ्या परसात जानेवारीच्या पहाटे पारा १२-१३ वर येतो आणि दहा वाजता २५ च्या पुढं जातो. ही बेल त्यांना ऐकू जाण्यासारखी नाही. श्रीनगरला जबरवानच्या पायथ्याशी २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग उघडली, ती तिथं फुलते ती याच कारणानं. तिथं हिवाळा खराखुरा असतो.

म्हणून मी कंदांचे दोन भाग केले. बारा कंद कागदावर लिहिल्याप्रमाणं थेट पांगाऱ्याखाली: हायसिंथ २, डॅफोडिल ३, मस्कारी ४, ब्लूबेल ३. माती मी चांगली केली होती. पोयटा, नदीची वाळू आणि दोन वर्षं कुजवलेला पालापाचोळा समभाग, आणि कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा. उरलेले तेरा फ्रिजमध्ये.

फ्रिजची गोष्ट वाचणाऱ्यानं गांभीर्यानं घ्यावी. कंद कागदी पिशवीत भरून भाजीच्या कप्प्यात बारा आठवडे ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात नाही, तिथं ते गोठून मरतात. शेजारी सफरचंद, केळी, चिकू काही नको, कारण पिकणाऱ्या फळातनं जो वायू सुटतो त्यानं आतला कळा मरतो. दिवाळीत आमच्याकडं सफरचंदं आली तेव्हा हिनं ती बाहेरच ठेवली, फ्रिजमध्ये घेतली नाहीत. एवढं सगळं मी लेकीकडनं विचारून केलं. डब्यातल्या कागदावर यातलं एक अक्षर नाही.

आणि जे असायलाच हवं होतं, तेही नाही. डॅफोडिलचा कंद विषारी आहे. दिसतो थेट कांद्यासारखा. शिजवला तरी विष जात नाही, पोटात गेला तर उलट्यांनी माणूस हैराण होतो. ब्लूबेल आणि स्नोड्रॉपचंही तेच. डिसेंबरात मेहुणी राहायला आली होती. सकाळी पोह्यांसाठी कांदा म्हणून तिनं फ्रिजमधल्या पिशवीतला एक काढून विळीपाशी ठेवला. ही देवघरातनं आली आणि बघितलं म्हणून निभावलं. त्या दिवशी मी पिशवीवर लाल शाईनं ‘विषारी, खायचं नाही’ असं लिहिलं आणि पिशवी कुलपाच्या डब्यात घालून तो डबा फ्रिजमध्ये ठेवला. जो माल घरच्या फ्रिजमध्ये भाजीशेजारी राहणार आहे, त्यावर एवढी सूचना छापायला किती खर्च येतो? लहान मुलांचं घर असेल तर मी हा डबा घ्याच म्हणणार नाही.

हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला. मी घातले नाहीत, तर मनगटापर्यंत खाज सुटली. सुरण चिरताना जी सुटते तीच ही. दोन्हींत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात.

पांगाऱ्याखालच्या बारा कंदांचं लवकर सांगून संपतं. ब्लूबेल तिन्ही कुजले, जानेवारीत उकरून बघितलं तर नुसता चिखल. डॅफोडिल दोन उगवले, पानंच आली; तिसरा गेला. मस्कारीला गवतासारखी भरपूर पानं, फूल नाही. हायसिंथ एक कुजला. दुसरा डिसेंबराच्या शेवटी फुलला, पण देठ वाढलाच नाही. फुलं पानांच्या मुळाशी, कंदाच्या गळ्यातच अडकून उमलली. थंडी कमी पडली की असंच होतं. मी गुडघे टेकून, पानं बोटानं बाजूला करून बघत होतो. रंग जांभळा होता, वास होता. बाहेर यायची त्याची धडपड बघून वाईट वाटलं.

फ्रिजमधले तेरा ७ जानेवारीला कुंड्यांत लावले आणि जांभळाखाली गारव्याला ठेवले. २ फेब्रुवारीला पहिला हायसिंथ उमलला. दुसरा चार दिवसांनी. आता हे मोकळेपणानं लिहितो: असा वास आमच्या घरात आधी कधी नव्हता. कुंडी ओसरीवर ठेवली तर माजघरापर्यंत येत होता. मोगऱ्याची धार त्याला नाही, सोनटक्क्याचा ओलावाही नाही. वेगळाच, जड, गोड. शेजारच्या वहिनी दोन दिवस कुणाकडं लग्न आहे का विचारत होत्या. डब्याला दुसरा तारा आहे तो या दोन हायसिंथचा. पूर्ण आठवडाभर टिकले.

मस्कारीच्या चारांतल्या दोघांना वीतभर उंचीचे निळे घोस आले. डॅफोडिल एक फुलला, १८ फेब्रुवारीला, पिवळाधमक, आणि तिसऱ्या दिवशी उन्हानं पाकळ्या कागदासारख्या झाल्या. ब्लूबेलच्या तिघांतल्या एकाला चार पानं आली. मी ती कुंडी रोज उन्हाबरोबर हलवत होतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पानं पिवळी पडली आणि संपलं. स्नोड्रॉपच्या दोघांतला एक सुईएवढा कोंब काढून थांबला. एकूण फुलं सहा. पुढच्या वर्षी ते कंद पुन्हा फुलतील ही आशा ठेवू नका. त्यांना अन्न साठवायला गार, लांबलेला वसंत लागतो. आपल्याकडं होळीनंतर तो उरत नाही.

त्या दरम्यानच मी रोपवाटिकेत गेलो होतो, खरं तर कुंड्या आणायला. कोरेगाव रस्त्याला उजव्या हाताला एक आहे, पत्र्याची शेड, मागं उसाचं रान. मालक पन्नाशीचे आहेत. बामणोलीच्या गाडीनं सासुरवाडीला जायचे, म्हणून मला अजून ‘मास्तर’ म्हणतात. मी ब्लूबेलचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘मास्तर, तुमचा पांगारा बरोबर आहे. कंद दुसऱ्या देशाचे आणलेत. तिकडचा कंद थंडीवर उठतो, आपल्याकडचा पाण्यावर. एकोणीस वर्षं तुम्ही कासवरनं गेलात, बघितलं नाही का?’

बघितलं होतं की. रोज बघितलं होतं, आणि डोक्यात आलं नव्हतं. यवतेश्वरचा घाट चढून गाडी कासवर आली की मेमध्ये काय असतं? काळा-तांबडा जांभ्याचा सडा, करपलेलं गवत, आणि धूळ. गाडीतल्या नव्या माणसाला खोटं वाटावं की इथं फुलं येतात. मग वळवाचे दोन मोठे पाऊस होतात आणि आठ-दहा दिवसांत झाडोऱ्याच्या कडेला सापकांद्याच्या फण्या उभ्या. पांढरा फणा, आत जांभळट, आधी फूल आणि मागनं छत्रीसारखं पान. पुढं दीपकाडी, रानहळद, मग श्रावणात चवरीची पांढरी कणसं, आणि तळ्यांच्या पाण्यात वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. हे सगळे कंदावर, गड्ड्यावर जगणारे. लोक २०१२ नंतर, कास जागतिक वारशात गेल्यावर, सप्टेंबरात गाड्या भरभरून फुलं बघायला यायला लागले. पण ते कंद बाकीचे आठ महिने जांभ्याच्या फटीत, मूठभर मातीत, वरनं ऊन सोसत झोपलेले असतात. त्यांचीही बेल ठरलेली आहे, आणि ती आभाळातनं येते.

लीड्सच्या कंदाला थंडीनंतर ऊब हवी आणि वर पान नको. तिथं पाणी बारमाही आहे, त्याची काळजी त्याला नाही. आपल्याकडं पांगारा बोडका असतो तेव्हा ऊन आहे पण पाणी नाही. म्हणून आपले कंद बोडक्या झाडाखाली उठत नाहीत, वळवाची वाट बघतात. माझा विचार इथं चुकला होता. मी झाड बघितलं, पाणी बघितलं नाही.

मी लगेच म्हटलं, मग सापकांदा द्या, चवर द्या. त्यांनी मान हलवली. ‘पठारावरचं मी ठेवत नाही आणि कुणी आणून दिलं तर घेत नाही. इथं खाली जगतही नाही. तिथंच असू द्या.’ माझ्याकडं दोन पैसे जास्त द्यायची तयारी होती हे त्यांना दिसत होतं. पाचवा तारा त्या उत्तराचा आहे.

त्यांनी जे दिलं ते असं. फुटबॉल लिलीचे कंद १०, चाळीस रुपयांना एक. भुईचाफ्याचे गड्डे ३, साठला एक. पावसाळी लिलीचा गुलाबी जुडगा, पन्नास रुपये. एकूण ६३०. समोर वाफ्यातनं खुरप्यानं काढून दिले, माती लागलेले, ओलसर. फुटबॉल लिली आणि पावसाळी लिली मुळातल्या परदेशीच, पहिली आफ्रिकेची आणि दुसरी अमेरिकेची, हे त्यांनीच सांगितलं. पण दोघी पाण्यावरच उठणाऱ्या, म्हणून इथं पिढ्यान्‌पिढ्या रुळल्या. दहांतले तीन कंद बारीक आहेत, त्यांना यंदा पानंच येतील, हेही आधीच सांगितलं. मग विचारलं, सावली किती वाजता येते, पाणी कुठलं घालता, घुशी आहेत का. परस न बघता त्यांना तो दिसत होता.

लावायची रीत सोपी. फुटबॉल लिलीच्या कंदाची मान मातीच्या वर राहील एवढंच खोल. भुईचाफा दोन बोटं खाली. पांगाऱ्याचाच पाला वर पसरायचा. आणि वळीव होईपर्यंत पाणी जवळपास बंद. मला पाणी न घालणं जड गेलं. संध्याकाळी बादली हातात घेऊन मी तिथवर जायचो आणि ती वांग्यांना घालून परत यायचो.

९ एप्रिलला सकाळी ही परसातनं हाक मारत आली, ‘अहो, जमिनीतनं फूल आलंय, झाड नाही नुसतं फूल.’ भुईचाफा. पान नाही, देठ नाही, पाल्याच्या मधनं थेट मातीला टेकून उमललेलं पांढरं-जांभळं फूल, आणि वास चाफ्याच्या जवळचा. एक फूल एक दिवस टिकतं, पण रोज नवं येतं. तीन गड्ड्यांतनं दीड महिन्यात मी ४१ फुलं मोजली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लेकीनं इल्कलीचं निळं रान फोनवर दाखवलं आणि मी तिला जमिनीवर ओणवं होऊन भुईचाफा दाखवला. नात फोनलाच नाक लावत होती.

११ मेला वळीव झाला. गारा नव्हत्या, पण तासभर सरळ धारा. १६ तारखेला पाल्यातनं फुटबॉल लिलीचा पहिला देठ वर आला, भाल्यासारखा, तांबड्या ठिपक्यांचा. २० ला चेंडू उघडला. बारीक बारीक लालभडक फुलं एका गोळ्यात. एका चेंडूतली मोजायला बसलो तर १२६ भरली. दहांपैकी सात कंद फुलले, उरलेल्या तिघांना पानं आली, सांगितलं होतं तसंच. पांगाऱ्याला तेव्हा नवी पालवी होती आणि सातही चेंडू त्या कवळ्या सावलीत आठ-नऊ दिवस उभे होते. पावसाळी लिली पाऊस पडून गेला की चार-पाच दिवसांनी उठते, मग परत पाऊस, परत फुलं. जूनमध्ये तीनदा झालं.

फुटबॉल लिलीही पोटात जाण्यासारखी नाही, हे त्यांनी कंद हातात देतानाच बजावलं होतं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडायचं, पानं आपोआप गळू द्यायची, कापायची नाहीत. मिडलटनच्या रानात त्या बाई सांगत होत्या तेच हे. पान जगलं तर कंद भरतो.

डबा परत मागवणार का? पूर्ण डबा नाही. सुटे हायसिंथ मिळाले तर ऑक्टोबरात तीन घेईन, फक्त वासासाठी, आणि ते बारा आठवडे कुलपाच्या डब्यात फ्रिजमध्ये राहतील. महाबळेश्वर-पाचगणीला कुणाची बाग असेल आणि पहाटे हिमकण पडत असतील, तरी थंडी सलग टिकत नाही, तेव्हा फ्रिजची वाट तिथंही धरावी लागेल. ब्लूबेल आणि स्नोड्रॉप मात्र घेऊ नका. ते त्यांच्या रानात बघावेत. नशिबानं जाणं झालं तर एप्रिलच्या शेवटी जावं आणि पायवाट सोडू नये.

रोपवाटिकेत जायचं असेल तर फेब्रुवारी ते मार्चमध्ये जा, कंद झोपलेले असताना. रोख पैसे न्या. मेमध्ये गेलात तर फुलासकट कुंडी मिळते, पण ती १५० ला पडते आणि घरी आणेपर्यंत अर्धा चेंडू झडतो. सोमवारी बंद असतं. कंद न्यायला कापडी पिशवी घेऊन जा, प्लॅस्टिकमध्ये ते देत नाहीत.